लेकीची पहिली रायफल

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे. आज अकोल्यात लेकीसाठी पहिली एअर रायफल घ्यायला गेले होते. श्रावणी चौदा वर्षांची, नेमबाजी शिकते.

दुकानदारानं जाड छर्र्याची, पॉइंट टू टू बोअरची रायफल काढली. "ताई, हीच न्या. वावरातला ससा एका छर्र्यात लोळते!"

श्रावणी म्हणाली, "काका, मले कागदावर नेम धरायचा आहे. स्पर्धेत बारीक छर्र्याची पॉइंट वन सेव्हन सेव्हनच चालते."

तो माझ्याकडेच पाहून हसला. "कागद मारून का भेटते?"

"शिकार गुन्हा आहे," मी ओरडले, "अन् तुमी लेकराले तेच शिकवून राहिले?"

रायफल न घेताच निघालो. अमरावतीला घरी परतताना बसमध्ये श्रावणीनं विचारलं, "आई, बोलली मी, अन् तो तुयाशीच काहून बोलत होता?"

सांगा, काय उत्तर देऊ तिला?