करकरमामांचा चहा

करकरमामा आधी ऐकू यायचे, मग दिसायचे. त्यांच्या कोल्हापुरी चपला अशा वाजायच्या की शाहूपुरीतल्या आमच्या अभ्यासमंडळाच्या जिन्यावर करकर सुरू झाली, की आतला वक्ता सावरून बसायचा.

दर रविवारी तिथे पुरोगामी रणनीतीवर चर्चा असे. ‘व्यापक भूमिका’, ‘समविचारी शक्ती’, ‘दीर्घ पल्ल्याचा विचार’. शिळ्या कढीला ऊत नुसता! नेमकं कोणी काय करायचं, हे कुणीच सांगत नसे. माझं डोकं उठायचं. कुणी म्हणालं, “आपण लोकांपर्यंत पोचलं पाहिजे,” की मामा चपला घालून दारात उभे.

“चला की मग. कागलची एसटी लागलीया.”

सगळे हसायचे. मामा हसायचे नाहीत. एकटेच जायचे.

कागलजवळच्या एका गावात सुनंदा राहते. जातीबाहेर लग्न केलं म्हणून गावानं तिचं घर वाळीत टाकलेलं. मामा तिच्याकडे चहा प्यायचे, दार सताड उघडं ठेवून. “गल्लीला दिसाय पायजे,” म्हणायचे. “एकानं पिला तर येडा म्हणत्यात. दोघांनी पिला की इचार कराय लागत्यात. मला दुसरं माणूस द्या.”

दुसरं माणूस आम्ही देणारच होतो, व्यापक भूमिका ठरल्यावर.

मामा गेल्या श्रावणात वारले. शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, “मामांचा विचार लोकांपर्यंत पोचवला पाहिजे.” त्याच क्षणी दाराशी करकर झाली. अख्खी सभा वळली. दारात कुणी नव्हतं. अध्यक्षांनी उचललेला पाण्याचा ग्लास हातातच राहिला. मला भीती वाटली, त्याहून जास्त राग आला. मी उठले आणि कागलची एसटी धरली. पुढं विचारत विचारत सुनंदाची गल्ली गाठली.

तिचं दार उघडंच होतं. आत चहाचे दोन कप भरलेले, वाफ येत होती.

“मामा गेले, ते सांगायला आले,” मी म्हणाले.

“ठावं हाय.”

“मग हे दोन कप?”

“चपला वाजल्या की ताई, गल्लीच्या तोंडापासनं. मागनं तुम्ही दिसला. म्हटलं, मामांनी आणलं एकदाचं दुसरं माणूस.”

मी खाली पाहिलं. माझ्या पायांत कापडी बूट होते.

समोरच्या कट्ट्यावरच्या दोन बायका बोलायच्या थांबून आमच्याकडे बघत होत्या.

“दार लोटू का?” सुनंदानं विचारलं.

“नको,” मी म्हणाले, आणि त्यांना दिसेल असा कप उचलला.