ढील दे, मग पाय

विमानाचं नाक वर चढलं की उड्डाण शिकवायला शेजारी बसलेले आमचे सर दोन्ही तळवे उघडून हवेत धरायचे. "वढू नको वं माय, ढील दे!"

घाबरलेला माणूस स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करणारा दांडा, पोटाशी ओढतो. मीही ओढली होती, तुम्हीही ओढाल. नाक फार वर गेलं की पंख हवेवर तरत नाहीत, विमान थरथरतं आणि खाली बसतं. त्याला स्टॉल म्हणतात. तेव्हा स्टिक पुढे, जमिनीच्या दिशेने ढकलायची. मन तयारच होत नाही.

सर सारंगखेड्याचे. त्यांचे वडील घोडे शिकवायचे. "घोडा दोन पायवर उभा शे आणि तू लगाम वढशी, तर तो तुन्हाच आंगवर पडी," सर म्हणायचे.

दुसरा धडा पायांचा. स्टॉलमध्ये एक पंख पडला, तर स्टिक उलट वळवून तो उचलायला जायचं नाही. विमान गरगरत खाली जाऊ शकतं. विरुद्ध बाजूचं पेडल दाबायचं. मी हातातली स्टिकच वळवायचे.

"बीएस्सी शे ना तू? मंग पायले बी शिकाड काही!"

खांडबाऱ्याच्या आमच्या घरातली पहिली पदवी माझी. टोमणा झोंबायचा, आणि खरं सांगते, आवडायचाही.

एका सकाळी तापीवर सर स्वतः स्टॉल करून दाखवत होते. माझे हात मांडीवर, पाय माझ्या पेडलला नुसते टेकवलेले; दोघांची पेडलं एकत्रच हलतात. डावा पंख पडला. सरांनी नाक खाली घेतलं, पण उजवं पेडल हललंच नाही. काचेत नदी फिरायला लागली. मी उजवा पाय दाबला. पंख सरळ झाला.

"तू उतरव," एवढंच ते बोलले.

खाली आल्यावर सर विमानातून उतरलेच नाहीत. उजवी मांडी चोळत बसले.

"पाय तुन्हा व्हता ना?"

"हो सर."

"मन्हा पाय हालनाच नही."

"सर, मुंग्या आल्या असतील. मी कुणाला सांगणार नाही."

"तू नही सांगशी. मी सांगसू." मग हळू आवाजात म्हणाले, "मन्हा पायना भरोसावर पोरे बसतस वं."

ते फ्लाइंग क्लबच्या ऑफिसात गेले आणि उडणं बंद करत असल्याचं स्वतः सांगून आले. कुणी अडवलं नाही, अडवण्यासारखं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी नवे सर आले. शेजारची सीट अजून आमच्या बुटक्या सरांच्या मापाची, पार पुढे सरकवलेली होती. नवे सर उंच. त्यांनी खटका ओढला आणि सीट मागे नेली.