दोन सरी तशाच

पेठ गावात आमचं बटाट्याचं वावर हमरस्त्याला लागून आहे, म्हणून फवारणीच्या औषधांच्या कंपन्यांचा त्यावर डोळा असायचा. पाटी लावली की जाणारा-येणारा वाचतो. आबा, म्हणजे माझे वडील, पाटी लावू द्यायचे, पण एका अटीवर: दोन सरी बिनफवारणीच्या राहतील, आणि कंपनीच्या मेळाव्याला आलेल्या शेतकऱ्यांना त्याही दाखवायच्या. कंपनीचा माणूस कुरकुरायचा.

"आवो पावणं, नुसतं हिरवं दाखवून काय कळायचं? करपा रोग कुटं थांबला न् कुटं नाय, ते बघाया लोक येत्यात," आबा म्हणायचे.

पुढे मी सॉफ्टवेअर कंपनीत गेले आणि नेमकं त्या कुरकुरणाऱ्या माणसाचंच काम माझ्या वाट्याला आलं. डेव्हलपरांच्या परिषदांत जाऊन आमच्या कंपनीचं, ॲपमधल्या नोंदी साठवणारं उत्पादन समजावून सांगायचं. हॉल, चहा, जेवण कंपनीचं, तेव्हा खाल्ल्या मिठाला जागावं लागतं. पण समोरचा माणूस हक्काची सुट्टी मोडून आलेला असतो. त्याला जाहिरात नको असते, अडलेलं काम सुटायला हवं असतं. दोघांचं मन राखायला मी आबांचीच रीत उचलली. शेवटच्या स्लाइडवर आमचं उत्पादन कुठे चालत नाही, ते लिहायचं.

मग जुन्नरच्या एका मंगल कार्यालयात आम्ही परिषद भरवली, इथल्याच डेव्हलपरांसाठी, मराठीतून. आदल्या दिवशी साहेबांनी ती स्लाइड काढायला सांगितली. "आपल्याच मांडवात आपलीच बदनामी कशाला?" स्लाइडवर एकच ओळ होती: जिथे दिवस दिवस रेंज नसते तिथे हे वापरू नका, नोंदी हरवू शकतात. मी वाद न घालता ती काढली. कुणी विचारलं तर सांगू, अशी स्वतःची समजूत घातली. कुणी विचारलं नाही. जे सांगितलंच नाही त्याबद्दल कोण कशाला विचारेल? टाळ्या मात्र भरपूर पडल्या, आणि मला त्या आवडल्या, हेही खरं.

पहिल्या रांगेत शिनोलीचे एक डेव्हलपर बसले होते, माझ्याच वयाचे. भराभर लिहून घेत होते. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंसाठी त्यांनी लसीकरणाच्या नोंदींचं ॲप केलं होतं, आमचं उत्पादन वापरून. आहुप्याकडच्या वाड्यांवर रेंज नव्हती, आणि दोन आठवड्यांच्या नोंदी गेल्या. ताईंना तो सगळा डोंगर पुन्हा चढावा लागला. कुठल्या बाळाला कुठली लस झाली, ते आयांना विचारून पुन्हा लिहावं लागलं.

"ताई, तुमाला हे आदी म्हाईत व्हतं का?"

"होतं."

"तुमी आपल्याकडच्या, म्हणून मी दुसरं काय बघितलंच नाय." ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या रविवारी घरी गेले आणि आबांना सगळं सांगितलं. ते समजूत काढतील असं वाटलं होतं.

"दोन सरी राखायच्या, हे मी तुला कधी शिकवलं व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बघूनच शिकलीस ना? मंग आता कुणी काढ म्हनलं, म्हणून काढलीस व्हय?"

मला लाज वाटली. अजून वाटते.

पुढच्या वर्षी परिषद त्याच कार्यालयात होती. ती स्लाइड नसेल तर मी बोलायला उभी राहणार नाही, असं साहेबांना सांगितलं. ते रागावले, पण थांबवलं नाही. या वेळी मी ती सगळ्यात आधी दाखवली आणि गेल्या वर्षी ती का नव्हती, तेही सांगितलं. शिनोलीच्या त्या डेव्हलपरांना मी स्वतः फोन करून बोलावलं होतं. "बघतो," म्हणाले होते. बोलताना माझी नजर सारखी दाराकडे जात होती. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी धरून ठेवलेली खुर्ची जेवणाच्या सुट्टीपर्यंत रिकामीच होती. मग वाढप्यांनी ती उचलून पंगतीला नेली.