आबाजींच्या शेजारची जागा

आमच्या गावच्या लुथरन देवळात बाया डावीकडे आणि पुरुष उजवीकडे बसत. मधली वाट दोन हातही रुंद नव्हती. पण माझं दृढीकरण झालं, म्हणजे मला मंडळीत पक्की सभासद करून घेतलं, त्या रविवारपासून मी मोठी बाई ठरले, आणि आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, शेजारची माझी लहानपणची जागा संत्र्याच्या बागेतल्या आमच्या शेजाऱ्याला मिळाली.

हे काकाजी ख्रिस्ती नव्हते. शनिवारी मारुतीला तेल वाहायचे आणि रविवारी आबाजींना मोटरसायकलवर मागे बसवून देवळात आणायचे. बाहेर उन्हात थांबण्यापेक्षा बरं म्हणून आत बसायचे. बसता बसता सगळी गीतं त्यांना पाठ झाली. आबाजी म्हातारपणी ओळी विसरू लागले, तसे काकाजी प्रत्येक ओळ जरा आधी त्यांच्या कानात गुणगुणत आणि आबाजी ती उचलत. वाटेच्या अलीकडून हे बघताना माझीच ओळ चुकायची.

मला वाचायला आबाजींनी शिकवलं, तेही धर्माच्या हस्तपत्रिकांवर. वरूडच्या बाजारातून ते मूठभर पत्रिका आणायचे: दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, जातीच्या गर्वाविरुद्ध. मी खाटेवर मांडी घालून मोठ्यानं वाचायचे. ते मध्येच म्हणायचे, "थे पुन्हा वाच. जोरात." खरी गोष्ट एका कागदावर मावते आणि ती फुकट वाटायची असते, हे मी त्या खाटेवर शिकले. पुढे अमरावतीला शिकायला गेले आणि स्वतःच्या पत्रिका छापू लागले.

तशीच एक त्या वाटेविरुद्ध काढली. देवापुढे बाई आणि पुरुष सारखे असतील, तर मध्ये ही वाट कोणी आखली? अमरावतीच्या राजापेठेत छापून घेतली आणि हंगामाच्या सणाला, लोक पहिली संत्री, कापूस, भाजी घेऊन देवळात येतात त्या सकाळी, फाटकात उभी राहून वाटली. त्यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे.

आबाजींना आता बारीक अक्षर दिसत नसे; त्यांनी ती फाटकातच वाचून घेतली. काकाजींकडून! माझं लिखाण, त्यांच्या तोंडून.

"हे तू बायांसाठी लिवलं का माह्यासाठी?" आबाजींनी मला विचारलं.

"बायांसाठी."

"मंग डोळे कावून भरून राहिले?"

काकाजी हसले. "भाऊ, पोरगी जयते माह्यावर."

"जयू दे. थंडीचे दिवस आहेत, तेवढाच शेक."

घंटा झाली. सगळे आपापल्या बाजूला बसले. मग आबाजी उठले, काकाजींचा हात धरून वाट ओलांडली आणि सरळ माझ्याशेजारी येऊन बसले. बायांनी पदर सावरत जागा केली. मागून एक म्हातारी म्हणाली, "आता चुलीपाशीबी येऊन बसा म्हणा यायले. पोया तरी लाटतीन." पाळकांनी चष्मा पुसला, क्षणभर इकडे पाहिलं आणि गीताचा आकडा सांगितला.

मला माझी जागा मिळाली होती. फक्त आबाजींच्या पलीकडे काकाजीही बसले होते, आणि आबाजींचा माझ्या बाजूचा कान बहिरा होता. मी जिवाच्या आकांतानं गात राहिले. ते काकाजींच्या ओळी उचलत राहिले.

पुढच्या रविवारी आणखी दोन म्हातारे वाट ओलांडून आपल्या बायकांजवळ बसले. आता आमच्या देवळात कोणीही कुठेही बसतं. अकोल्याच्या काही बायांनी माझी पत्रिका पुन्हा छापून वाटली. मी जिंकले, असं सगळे म्हणतात.

या उन्हाळ्यात आबाजी गेले. कबरीपाशी गीत सुरू करायचं होतं. मी श्वास घेईपर्यंत काकाजींनी सूर धरलासुद्धा, आणि सगळी मंडळी त्यांच्यामागे गाऊ लागली. माती देऊन झाल्यावर धामणगाव रेल्वे या गावाहून आलेले एक पाहुणे पुढे झाले आणि त्यांनी काकाजींच्याच खांद्यावर हात ठेवला. "तुमचं मानूस गेलं, भाऊ."

काकाजींनी त्यांचा हात हळूच खाली घेतला आणि त्यांना माझ्याकडे वळवलं. "माहं नाही. हिचं गेलं. हिच्याशी बोला."

मी आमच्या ख्रिस्ती रीतीनं सलाम केला आणि ते सांत्वन घेतलं. आबाजी माझेच होते. पण काकाजींनी सांगेपर्यंत त्या पाहुण्यांना ते कळलं नाही, आणि मला ते अजून सहन होत नाही.