परत घेतलेल्या वाट्या

मिरजेच्या घराच्या पायरीवर आईने माझी ओटी भरली, तेव्हा बॅगा रिक्षात चढवून झाल्या होत्या आणि वडील दारात उभे राहून घड्याळ बघत होते. ते नगरपालिकेत हेडक्लार्क होते. प्रत्येक बॅगेवर त्यांनी स्वतः माझं नाव आणि बहारीनचा पत्ता इंग्रजीत लिहिला होता. वरचा पत्ता निघून गेला तर असावा, म्हणून बॅगेच्या आतही एक चिठ्ठी टाकली होती. आईने नारळ, तांदूळ आणि खण माझ्या पदरात घातला आणि म्हणाली, "दारात आलेल्या बाईला रिकामी पाठवू नकोस. तिथं कोण येईल ते येऊ दे." माझं लग्न नुकतंच झालं होतं. तुमचे आजोबा आधीच तिथे, मनामाला, नोकरीवर रुजू झाले होते. मी मान डोलावली आणि रिक्षात बसले.

ईशा, रोहन, हे मी मराठीत लिहिते आहे. तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल आणि तुम्ही इंग्रजीत प्रश्न विचाराल, ते मला चालेल. परवा फोनवर रोहनने विचारलं, "आजी, मम्मा तुझ्यामुळे हरली का?" मी घाईघाईने "नाही रे" म्हणाले आणि लगेच त्याच्या शाळेची चौकशी केली. फोन ठेवल्यावर मला ते उत्तर आवडलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आईचं ते वाक्य मी इथे बहारीनमध्ये नीट पाळलं. उम्म अल हस्समच्या आमच्या पहिल्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या होत्या आणि माझी ओळख कुणाशीच नव्हती. पहिल्या चैत्रात मी हळदीकुंकू केलं, तेव्हा मोजून तीन बायका आल्या. त्यांतली एक मलयाळी होती, एक कराचीची. दोघींना ओटी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण भिजवलेले हरभरे घालून दिलेली वाटी त्यांनी आनंदाने नेली. पुढे बायका वाढत गेल्या. रत्नागिरी-चिपळूणकडच्या ड्रायव्हर लोकांच्या बायका यायच्या, बँकेतल्या साहेबांच्या बायकाही यायच्या, आणि त्या दिवशी सगळ्या एकाच सतरंजीवर बसायच्या. समोरच्या घरातली बहारीनी बाई दरवर्षी दार वाजवून विचारायची, "आज वाटी आहे ना?" आणि वाटी परत करताना तिच्यात खजूर घालायची. तुमची आई मंजिरी या सगळ्यात वाढली. दिलेली वाटी कुणी परत मागत नाही आणि आपणही मागायची नाही, हे तिला शिकवावं लागलं नाही.

मंजिरी इंग्लंडला शिकायला गेली आणि तिथलीच झाली. आम्ही दोघं इथेच राहिलो. आता तुमच्या मामाच्या व्हिसावर आहोत. तिकडे मिरजेच्या मतदार यादीतून माझं नाव कधीच गेलं, आणि इथे मी पाहुणी आहे. खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही. त्यामुळे मंजिरीने डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणुकीला अपक्ष उभं राहायचं ठरवलं, तेव्हा मला निवडणुकीपेक्षा तिच्या जेवणाखाण्याची काळजी होती. तुमच्या गावातून हॉस्पिटलला आणि शाळेला जाणारी बस बंद करायचं घाटत होतं. ती वाचवायची म्हणून ती उभी राहिली होती. सबंध हिवाळा ती ऑफिसातून आल्यावर बूट न काढता पुन्हा बाहेर पडायची आणि दारोदार जायची. मी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तुमच्याकडे मदतीला म्हणून आले. मदत म्हणजे पोळ्या, भाजी आणि तुम्हा दोघांना वेळेवर झोपवणं.

येताना मनामाच्या बाजारातून छोट्या स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या आणि शेजारच्या मुहर्रक शहरातला हलवा. चैत्रगौर होतीच. मंजिरीला विचारलं, चार बायकांना बोलावू का? ती लॅपटॉपमध्ये होती. म्हणाली, "बोलाव ना आई, त्यात काय विचारायचं?"

पुढचं मी तिला विचारलं नाही.

तुमच्या जिन्याखाली तिच्या पत्रकांचा गठ्ठा होता. त्यावर तिचा हसरा फोटो आणि खाली बसचं चित्र. मला नीटनेटकेपणाची सवय आहे, हे तुम्ही जाणता. प्रत्येक पत्रकाची मी चौकोनी घडी घातली, हरभऱ्यांनी ओली होऊ नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातली आणि एकेक वाटीत तळाशी ठेवली. ईशा, तू स्वयंपाकघरात आलीस आणि म्हणालीस, "आजी, मम्माला माहितीये का हे?" मी म्हणाले, "सरप्राइज आहे." तू खांदे उडवलेस आणि आंब्याच्या डाळीची चव बघून गेलीस.

त्या शनिवारी दुपारी गावातल्या आपल्या तीनचार बायका आल्या, आणि गल्लीतल्या सगळ्या. शेजारच्या मॉरीनने कुंकू लावून घेतलं आणि आरशात बघून म्हणाली, मी आता चर्चला अशीच जाणार. पन्हं सगळ्यांना आवडलं. निघताना प्रत्येकीच्या हातात मी वाटी दिली आणि प्रत्येकीला इंग्रजीत म्हणाले, "येत्या गुरुवारी माझ्या मुलीला विसरू नका." मंजिरी बाहेर प्रचारात होती. संध्याकाळी ती आली तेव्हा मी फार खूश होते.

रविवारी सकाळी गावाच्या फेसबुक ग्रुपवर फोटो आला. आपली वाटी, हरभरे, आणि त्यातून वर काढलेला मंजिरीचा चेहरा. खाली कुणीतरी लिहिलं होतं की या वॉर्डातल्या मताचा भाव आता कळला.

तिची एजंट म्हणून काम बघणारी मैत्रीण हेलन तासाभरात घरी आली. कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली. मला समजावं म्हणून ती सावकाश बोलत होती, आणि मला प्रत्येक शब्द समजत होता. मतदाराला मतासाठी खाऊ-पिऊ घालणं हा इंग्लंडमध्ये गुन्हा आहे, त्याला ‘ट्रीटिंग’ म्हणतात. नुसता समारंभ असता तर कुणी बोललं नसतं. वाटीत पत्रक निघालं, तिथे प्रश्न आला.

"पण ही आमची रीत आहे," मी म्हणाले.

"पत्रक पण?" मंजिरीने मराठीत विचारलं. आवाज चढवला नाही तिने.

माझे वडील निवडणुकीच्या ड्यूटीवर जाताना घरून डबा आणि पाण्याची सुरई घेऊन जात. ज्या गावात मतदान असेल तिथल्या कुणाचा चहासुद्धा घेत नसत. आई चिडवायची, "लोकांना वाटेल घरच्यांनी उपाशी धाडलंय." तर ते म्हणत, "वाटू दे. आज मी कुणाचा पाहुणा नाही." त्यांच्या मुलीला हा नियम कुणी इंग्लंडमध्ये शिकवायची गरज नव्हती.

आणि नियम राहू दे. आईने सांगितलं होतं, रिकामी पाठवू नकोस. देताना काही मागून घे, असं तिने सांगितलं नव्हतं. चाळीसेक वर्षं इथे बहारीनमध्ये मी वाट्या दिल्या, कुणाकडे काही मागितलं नाही. मुलीच्या घरी पहिल्यांदा मागितलं. ती हरू नये म्हणून मागितलं, हे खरं आहे. पण मागितलं.

मंजिरीने स्वतःच कौन्सिलच्या निवडणूक ऑफिसला कळवलं आणि ग्रुपवरही लिहिलं. मग संध्याकाळी ती मला म्हणाली, "आई, चप्पल घाल. वाट्या परत आणायच्या आहेत." मी म्हणाले, मी येत नाही. ती म्हणाली, "तू नसलीस तर मी तुझ्यामागे तुझी तक्रार करतेय असं दिसेल. चल."

तर आम्ही दोघी दारोदार गेलो. प्रत्येक दारात ती तेच बोलली: हा आमचा सण होता, वाटीत पत्रक घालणं ही आमची चूक झाली, कृपया वाटी परत द्या. आमची, असं म्हणाली. प्रत्येक वेळी. मी पिशवी धरून मागे उभी होते आणि वाट्या एकमेकींवर आपटून वाजत होत्या. एकीने न बोलता वाटी हातात ठेवून दार लावलं. एकीने हरभरे बागेत टाकले होते, ती आमच्याकडेच सॉरी सॉरी म्हणत राहिली. कोपऱ्यावरच्या कुलकर्णी बाई वाटी द्यायलाच तयार होईनात.

"अहो काकू, दिलेलं वाण परत नेतात का कुणी? हे काय नवीन?"

"द्या हो," मी म्हणाले. "कायद्याचं आहे."

"मंजिरी, मत तुलाच देणार होते गं मी. आता वाटी नेलीस, म्हणजे विचार करावा लागेल."

मंजिरी हसली, पण गेटबाहेर आल्यावर तिने डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं. मॉरीनने मात्र वाटी धुऊन, पुसून, स्वच्छ टॉवेलात गुंडाळून आणली. म्हणाली, "अंगठ्या ठेवायला बरी होती." आणि मंजिरीच्या दंडावर हात ठेवला.

गुरुवारी सकाळी ती मतदानाला निघाली तेव्हा मी स्वयंपाकघरात दही-साखर कालवून उभी होते आणि पुढे होत नव्हते. दहावीच्या परीक्षेपासून मी तिच्या हातावर दही-साखर घातली नाही असं कधी झालं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तळहात पुढे केला.

"घाल आई. माझं मत मलाच आहे."

शुक्रवारी मतमोजणी झाली. इतक्या थोडक्या फरकाचा निकाल होता की मतं पुन्हा मोजली. ईशा, तू आणि मी फोनसमोर बसलो होतो, आठवतं ना? दुपारी मंजिरी आली, दारात बूट काढले, कितीतरी महिन्यांनी दोन्ही बूट नीट शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाली, "खलास, आई." बहारीनच्या शाळेत असताना पेपर संपला की असंच म्हणायची. वाट्यांबद्दल ती तेव्हा काही बोलली नाही आणि नंतरही कधी बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हा रोहन, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला माहीत नाही. कुणालाच कळणार नाही. कदाचित वाट्या नसत्या तरी ती हरली असती. पण बस बंद झाली. ईशा आता शाळेबाहेर मम्माच्या गाडीची वाट बघते, आणि मॉरीनला गुडघे दाखवायला हॉस्पिटलला जायचं तर मुलाला रजा काढून यावं लागतं. फोनवर तुम्ही हे सहज सांगता आणि मी ‘हो का’ म्हणते.

मी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मॉरीन दारात आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावरच उभी राहिली. म्हणाली, "निवडणूक संपली ना? मग आता मला माझी वाटी मिळेल का?" आणि लगेच पुढे म्हणाली, "खोटं बोलणार नाही. मी मत त्या दुसऱ्याला दिलं. माझा नवरा त्यालाच देत असे, तो गेल्यावर बदलावंसं वाटलं नाही. पण वाटी मला हवी आहे."

मी मंजिरीकडे पाहिलं. ती त्या आठवड्यात पहिल्यांदा मोठ्याने हसली. "दे आई. आता देता येतं."

मी पिशवीतून वाटी काढली. रिकामी कशी देणार? हरभरे नव्हते. डब्याच्या तळाशी मुहर्रकचा हलवा शिल्लक होता, तो घातला. या वेळी तोंडाने काही बोलले नाही.

बाकीच्या वाट्या बॅगेतून परत आल्या. बॅगेवर मी पत्ता लिहिला होता आणि आत चिठ्ठीही टाकली होती, वडिलांसारखी. काल इथे यंदाच्या चैत्राचं हळदीकुंकू झालं. सीफच्या मॉलमध्ये काम करणाऱ्या दोन मुली शिफ्ट संपवून धावत आल्या, समोरच्या बहारीनी बाईची सून आली. तिची सासू आता थकली आहे, अरादला धाकट्या मुलाकडे असते, पण तिने आठवणीने निरोप धाडला होता: माझी वाटी ठेवा. सगळ्यांना मी नव्या वाट्या दिल्या. त्या परत आणलेल्या वरच्या कप्प्यात आहेत. त्या मला कुणाला देववत नाहीत आणि घरात वापरवतही नाहीत. आजोबा म्हणतात, "अगं स्टील आहे ते, त्याला काय कळतंय?"

लोक मला विचारतात, तुमचं घर कुठलं. मिरजेचं सांगावं तर तिथे आता कुणी नाही. इथलं सांगावं तर व्हिसा मुलाचा आहे. मुलीच्या गावाचं नाव घ्यायला मी कचरते, तिथे मी जे करून आले त्यामुळे. पण परवा मंजिरीने सहज म्हणून एक फोटो पाठवला. मॉरीनच्या खिडकीत ती वाटी आहे आणि तिच्यात दोन अंगठ्या आहेत. त्या गावात मला मत नाही, आणि मंजिरीला त्या खिडकीतून मिळालं नाही. वाटी मात्र आहे. मंजिरी, तू हे वाचते आहेस ना, पुन्हा उभी राहिलीस तर मला बोलाव. मी वाट्या आणणार नाही. पोळ्या करीन, आणि सकाळी दही-साखर घालीन.