साडेचार मीटरपासून

आमचा जावई स्वीडनचा, आमच्याशी जर्मनमधून बोलणारा. डेकॅथलॉन खेळायचा, धावणं, उड्या, फेक असे दहा प्रकार, एकाच माणसाने दोन दिवसांत करायचे. मुलीने लग्न ठरवलं तेव्हा ‘पण काम काय करतो?’ असं मी तीनदा विचारलं होतं. पुढे इथे स्टुटगार्टच्या एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, भेटेल त्या मराठी माणसाला त्याचे गुण मीच सांगत सुटलो. स्वतः मी कठडा धरल्याशिवाय जिना चढत नाही, तो भाग वेगळा.

बांबूउडीचे त्याचे लांबलचक पोल आमच्याच गाडीच्या टपावर बांधून जायचे. मागे आलेल्या टोकाला लाल फडकं लावावं लागतं. कुणीतरी ओटीत घातलेला, बायकोने कधीच न शिवलेला लाल ब्लाउजपीस तिथे कामी आला.

गेल्या उन्हाळ्यात स्वीडनच्या संघात जायची त्याची शेवटची संधी होती. टाच आणखी वर्षभर टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आदल्या रविवारी तो जेवायला आला. बांबूउडीत सुरुवातीची उंची ज्याची त्याने ठरवायची असते. "चार मीटर वीसपासून सुरू करेन, बाबा," तो म्हणाला.

मी श्रीखंड वाढत होतो. "एवढ्या खालून? आमच्या जावयाने साडेचारपासून तरी करावं!"

"अहो, तुम्ही स्टुलावर चढायला घाबरता," बायको म्हणाली. सगळे हसले. तोही हसला.

स्पर्धेत चार वीस झालं, चार तीस, चार चाळीस झालं. तो बाकावरच.

"उठत का नाही हा?" मी मुलीला विचारलं.

"एर वार्टेट, बाबा." वाट बघतोय.

साडेचारला तो उठला. तीनदा धावला, तीनदा आडवी काठी खाली पडली. आधी एकही उंची पार न करता तीन वेळा चुकलं की त्या प्रकारात शून्य. संघाचा विषय तिथेच संपला.

तरी तो घरी निघाला नाही. भाला फेकला. पंधराशे मीटर लंगडत पळला, सगळ्यांत शेवटी आला. मग रीतीप्रमाणे सगळे खेळाडू हातात हात घालून मैदानाला फेरी मारायला निघाले. दोघांनी त्याला मध्ये घेतलं होतं. मी टाळ्या वाजवत राहिलो, आजूबाजूचे थांबले तरी.

कुंपणाशी आला तेव्हा मी विचारलं, "मी बोललो म्हणून का रे?"

"नाइन, नाही, बाबा. टाच दुखत होती. उड्या वाचवायच्या होत्या."

फार पटकन म्हणाला. मुलगी त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत खाली बसली होती. तिने वर पाहिलं नाही. तिला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही.

घरी त्याने पोल उतरवले. ब्लाउजपीस सोडला, नीट चार घड्या घातल्या आणि बायकोच्या हातात दिला. "डांके, आई." आभार मानले त्याने.

"राहू दे की तुमच्याकडेच, पुढच्या वेळी..." बायको म्हणायला लागली आणि ब्लाउजपीस घेऊन आत गेली.

मी गाडीची किल्ली शोधत सीटखाली वाकलो. ती माझ्या हातातच होती.