सकाळी शपथ, दुपारी समिती

सोमवारी आमच्या कॉलेजात व्यसनमुक्तीची शपथ झाली. मी सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते... नाव लिहीत नाही, नोकरी करायची आहे.

मैदानात ऊन चढलेलं, पोरं हात पुढे करून उभी. भाषण झालं, पोस्टर स्पर्धेची बक्षिसं झाली, फोटो निघाले आणि दहा मिनिटांत कॉलेजच्या पेजवर चढले. एका फोटोत मीही आहे, हात पुढे, चेहरा गंभीर. तो फोटो बघून अजून डोकं तापतंय, म्हणून हे लिहितेय.

त्याच दुपारी शिस्त समितीची बैठक होती. मी त्या समितीत आहे. विषय एकच होता, अक्षय. (नाव बदललंय.)

अक्षय कवठे महांकाळकडच्या एका गावातला, तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. कबड्डी खेळताना गुडघा गेला, ऑपरेशन झालं, दुखण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. गुडघा बरा झाला... गोळ्या सुटल्या नाहीत. मग डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुठून कुठून आणायला लागला.

गेल्या वर्षी एकदा तासानंतर तो माझ्या केबिनमध्ये आला. म्हणाला, "मॅडम, मला सुटत न्हाई हे. काय करू?"

त्याला कुणी पकडलं नव्हतं. पोरगा स्वतःच्या पायांनी मदत मागायला आला होता.

आणि मी काय केलं... नियमाप्रमाणे वर कळवलं. मला खरंच वाटलं होतं, कॉलेज त्याला चांगल्या डॉक्टरकडे पाठवेल. आमच्याकडे 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावलेली खोली आहे. आत झेरॉक्स मशीन आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत.

कॉलेजनं त्याला वर्षभरासाठी निलंबित केलं. होस्टेलची खोली त्याच संध्याकाळी रिकामी करायला लावली. वडिलांना फोन गेला तोही नोटीस निघाल्यावर.

वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पोराला साताऱ्याजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तीन महिने तिथं, मग घरी, आणि दर पंधरा दिवसांनी डॉक्टरकडे. मध्ये एकदा घसरला, पुन्हा सावरला. हे सगळं त्या घरानं एकट्यानं निभावलं... आमच्यातल्या एकानंही फोन केला नाही. मीही नाही.

सोमवारी वर्ष संपलं म्हणून बापलेक परत आले होते. अक्षयला बाहेर बाकावर बसवलं आणि वडिलांना आत बोलावलं.

अध्यक्ष म्हणाले, "पुन्हा असं होणार नाही, अशी हमी स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. होस्टेल मात्र मिळणार नाही. बाकीच्या मुलांवर काय परिणाम होईल?" डॉक्टरांचं पत्र फाइलमध्ये होतं. या आजारात माणूस पुन्हा घसरू शकतो, त्याला रोजची शिस्त आणि बोलायला माणसं लागतात, असं स्वच्छ लिहिलं होतं. ते पत्र कुणी उघडलंसुद्धा नव्हतं.

वडील उठून उभे राहिले. आवाज जराही न चढवता म्हणाले, "आवं सर, पल्टनीत जवान जखमी झाला तर त्याला गेटाभाईर टाकत न्हाईत. दवाखान्यात धाडत्यात. बरा झाला की परत रांगंत घेत्यात. परत जखमी होणार न्हाई असं कोण लिहून देतंय?"

अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात एक सहकारी हळूच म्हणाले की पुढच्या महिन्यात कॉलेजच्या तपासणीला टीम येणार आहे, उगीच कशाला...

माझं डोकं तिथं फिरलं. मी म्हटलं, "सर, या ठरावाला माझा विरोध नोंदवा. आणि हेही नोंदवा की मुलगा स्वतः मदत मागायला आला होता, आणि आपण त्याला एकही डॉक्टर दाखवला नाही. तपासणीच्या टीमलाही हे वाचू दे." बारा वर्षांच्या नोकरीत मी कधी बैठकीत इतकं बोलले नव्हते.

अर्धा तास वाद झाला. शेवटी हमीपत्राचा हट्ट सुटला आणि प्रवेश मिळाला. होस्टेल 'विचाराधीन' आहे... म्हणजे नाहीच. ज्याला एकटं ठेवू नका असं डॉक्टर सांगतात, तो पोरगा आता रोज एकटा एसटीनं येऊन-जाऊन शिकणार. आणि आम्ही व्यसनमुक्त कॉलेज!

बैठक संपल्यावर मी जिन्यात सुभेदारांना गाठलं. म्हटलं, "काका, तुम्हाला सांगायचंय. गेल्या वर्षी वर कळवलं होतं ते मीच."

ते म्हणाले, "ठावं हाय मला. पोरानं कवाच सांगितलंय."

मग म्हणाले, "तुमच्यावर इस्वास हुता म्हणूनच आला की तो तुमच्याकडं. आता लक्ष असू द्या मॅडम." आणि हात जोडून, पोराला घेऊन स्टँडकडे निघाले.

समितीचा राग आहेच, तो जाणार नाही. जाऊही नये. होस्टेलसाठी मी रोज अर्ज करणार आहे आणि ती पाटीची खोली रिकामी करून तिथं खरा समुपदेशक बसेपर्यंत गप्प बसणार नाही.

पण काका, तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही. तुम्ही मला चार शब्द सुनावले असते, तर सोपं गेलं असतं.